वर्कहोलिकच्या पोटातला सुरमा

दोन शब्दांची डोकी-शेपट्या छाटून तिसरा शब्द तयार करण्याची इंग्रजीला भारी हौस. स्मोक आणि फॉगचा स्मॉग, ब्रेकफास्ट आणि लंचचा ब्रंच, मोटर आणि हॉटेलचं मोटेल. अशा शब्दांची व्युत्पत्ती शोधायला बसावं तर दोन मिनिटांत उठावं लागतं. इकडचा तुकडा हा, तिकडचा तो, जोड इथे, संपलं. वर्कहोलिक हा शब्दही मी बरीच वर्षं याच खात्यात टाकला होता. कामाचं वर्क, दारुड्याचा अल्कोहोलिक, दोघांचा वर्कहोलिक. त्यात बघायचं ते काय?

पण एकदा फोड करून बघा. अल्कोहोलिक हा शब्द सुटतो तो अल्कोहोल आणि इक असा. मूळ वस्तू अल्कोहोल, आणि तिच्याशी संबंध दाखवणारा प्रत्यय इक. म्हणजे कामाचं व्यसन लागलेल्या माणसाला नियमाने म्हणायचं तर नुसतं 'वर्किक' म्हणायला हवं होतं. त्याऐवजी कुणीतरी अल्कोहोल हा शब्दच मधून मोडला आणि त्याचं शेपूट 'अहोलिक' उचलून वर्कला चिकटवलं. या शेपटाला स्वतःचा काही अर्थ नाही. निदान नसायला हवा. तरीही आपल्याला तो कळतो, आणि चटकन कळतो.

शब्द जिथे मोडला तिथेच त्याची खरी मौज आहे. तिथवर जायचं तर आधी अल्कोहोलचं घर गाठावं लागतं, आणि ते घर गुत्त्यात नाही, शृंगाराच्या डबीत आहे.

अरबी भाषेत अल्-कुह्ल म्हणजे सुरमा. अल् हे तिथलं उपपद, इंग्रजीतल्या 'द'सारखं. खरा शब्द कुह्ल. हे शब्दमूळ फार जुनं. हिब्रूत त्याच मुळाचं क्रियापद आहे, अर्थ डोळ्यांत सुरमा घालणे, आणि बायबलच्या जुन्या करारात यहेज्केलच्या पुस्तकात ते आलेलं आहे. सुरमा आणि काजळ यांची आपण बोलताना गल्लत करतो, पण काजळ दिव्याच्या काजळीचं आणि सुरमा दगडाचा. हा दगड म्हणजे स्टिबनाइट, अँटिमनी आणि गंधक यांचं खनिज. खाणीतून निघतो तेव्हा त्याचे सुयांसारखे लांब, पोलादी राखाडी रंगाचे स्फटिक असतात आणि ते चांगले चकाकतात. दिसायला धातूसारखा, पण इतका मऊ की नखाने ओरखडा पडतो आणि कागदावर घासला तर काळसर रेघ उमटते. डोळ्यात घालायचा म्हणजे नुसता कुटून भागत नाही. एकही कण टोचता कामा नये. म्हणून खल करायचा, पुन्हा खलायचा, चाळायचा, पुन्हा खलायचा, इतका की चिमटीत धरला तर बोटांना काही लागूच नये. स्टिबनाइट नसेल तिथे शिशाचं खनिज गॅलिना घेत, पण खलण्यातून सुटका नव्हती.

हे खलणं मी उगाच लांबवलेलं नाही. शब्दाच्या पुढच्या प्रवासात दगड मागे पडला आणि खलणं तेवढं उरलं. अरबी रसायनविद्येचे ग्रंथ लॅटिनमध्ये गेले तेव्हा हा शब्दही गेला, तोही उपपदासकट. अल्जेब्रा, अल्कली, अल्केमी हे सगळे असेच 'अल्' अंगावर घेऊन युरोपात शिरले. उपपद कुठे संपतं आणि शब्द कुठे सुरू होतो हे ऐकणाऱ्याला कळत नव्हतं. लॅटिन लिहिणाऱ्यांनी अल्कोहोल म्हणायला सुरुवात केली ती कुठल्याही अतिसूक्ष्म भुकटीला. सुरमाच असला पाहिजे असं नाही. सोळाव्या शतकात हा शब्द इंग्रजीत आला तोही भुकटीचाच अर्थ घेऊन, दारूचा त्याच्याशी काही संबंध नव्हता.

भुकटीपासून दारूपर्यंतची उडी ऐकायला अचाट वाटते, पण किमयागारांच्या डोक्यातून बघितलं तर ती पायरी अगदी साधी होती. खलून, गाळून, तापवून पदार्थातलं जड ते खाली टाकायचं आणि सगळ्यात हलकं, सगळ्यात शुद्ध ते वर उचलायचं, हा त्यांचा धंदा. दगडाचा तसा अर्क म्हणजे सुरमा. मग वाइन तापवून जी वाफ निघते आणि थंड होऊन थेंब थेंब गोळा होते, तो वाइनचा अर्क. पॅरासेल्सस या स्विस वैद्य-किमयागाराने सोळाव्या शतकात त्याला 'अल्कोहोल विनी', म्हणजे द्राक्षमद्याचं अल्कोहोल, असं नाव दिलं. पुढे लोकांना 'विनी' म्हणायचा कंटाळा आला असावा. सॅम्युअल जॉन्सनच्या 1755 च्या कोशात अल्कोहोलचे दोन्ही अर्थ शेजारी शेजारी नांदताना दिसतात: अतिशुद्ध केलेला मद्यार्क, आणि बोटाला न लागणारी कुठलीही भुकटी. त्यानंतर भुकटी झडून गेली, मद्यार्क राहिला.

जाता जाता. फोनवर अधूनमधून एक मेसेज फिरत असतो की अल्कोहोल हा शब्द 'अल्-गूल' या अरबी शब्दावरून आला, गूल म्हणजे माणसं खाणारं भूत, म्हणून दारूला स्पिरिट म्हणतात वगैरे. दारू सोडवण्याच्या कामी ही कथा उपयोगी पडत असेल तर पडो बापडी, पण ती खरी नाही. अल्-गूलवरून नाव पडलं ते ययाति तारकासमूहातल्या अल्गोल या ताऱ्याचं. अल्कोहोल निर्विवाद सुरम्याचं. आणि मजा म्हणजे हा शब्द युरोपची वारी करून परत अरबीत आला तेव्हा त्याला आजच्या अरबीत 'कुहूल' हे थोडं निराळं रूप मिळालं. आता तिथे कुह्ल डोळ्यात घालतात आणि कुहूल बाटलीत असतं.

पदार्थाला नाव मिळालं, पण माणसाला मिळायला अजून वेळ होता. पिणारे अर्थातच होते, आणि त्यांच्यासाठी प्रत्येक भाषेत शिव्यांना तोटा नव्हता. स्टॉकहोमच्या माग्नुस हुस या डॉक्टरने 1849 मध्ये 'अल्कोहोलिस्मुस क्रोनिकुस' असं लॅटिन नाव देऊन दीर्घकाळ पिण्याने शरीराची काय वाताहत होते याचं वर्णन केलं. एखाद्याच्या चारित्र्यातला डाग म्हणून ज्याकडे बघत, तो आता आजाराच्या यादीत बसला. निदान वैद्यकाच्या पुस्तकात तरी. अमेरिकन मेडिकल असोसिएशनने मद्यासक्ती हा आजार आहे असं जाहीर करायला 1956 साल उजाडलं. दरम्यान 1935 मध्ये अमेरिकेत ओहायोतल्या अॅक्रन गावी बिल विल्सन आणि डॉक्टर बॉब स्मिथ या दोन मद्यासक्तांच्या भेटीतून अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस ही दारू सोडू पाहणाऱ्यांची संस्था उभी राहिली. तिथल्या बैठकीत माणूस उठून आपलं पहिलं नाव सांगतो आणि पुढे म्हणतो, मी अल्कोहोलिक आहे. दुसऱ्यांनी मारायची ती हाक त्याने स्वतःच स्वतःला मारायची. वर्कहोलिक या शब्दाची गर्भधारणा झाली ती या वाक्यात असं मला वाटतं.

कारण त्याचा सगळ्यात जुना छापील वापर याच वाक्याची टिंगल करणारा आहे. 1947 साली टोरँटोच्या एका वर्तमानपत्रात कुणीतरी चुटका सोडला: कामाची अनावर ओढ लागली असेल तर 'वर्कहोलिक सिनॉनिमस'ला फोन करा, सुधारलेला एखादा कामकरी तुम्हाला सुखाच्या आळसात परत आणून सोडेल. अॅनॉनिमसशी यमक जुळवायला सिनॉनिमस. चुटका बरा होता, पण शब्द तिथेच विझला.

तो पुन्हा पेटवला वेन ओट्स यांनी, आणि विनोद म्हणून नव्हे. ओट्स हे बॅप्टिस्ट धर्मोपदेशक आणि धर्माच्या मानसशास्त्राचे प्राध्यापक, केंटकीतल्या लुइव्हिलचे. जन्म 1917 चा, दक्षिण कॅरोलायनातला. घरची गरिबी, वडील सोडून गेलेले, आई कापडगिरणीत राबणारी. अशा घरातून वर आलेल्या माणसाला काम थांबवणं जड जातं, यात नवल नाही. त्यांच्याबद्दल सांगितलं जातं की त्यांच्या लहानग्या मुलाने एकदा वडिलांना भेटायचंय म्हणून ऑफिसातली अपॉइंटमेंट मागितली. ओट्स व्यसनी माणसांना समुपदेशनही करत. समोर बसलेला माणूस दारूबद्दल जे सांगतोय ते आपण कामाबद्दल सांगू शकतो, हे त्यांच्या ध्यानात आलं. 1968 मध्ये त्यांनी धर्मोपदेशकांच्या एका मानसशास्त्रविषयक नियतकालिकात वर्कहोलिक असण्याबद्दल लेख लिहिला आणि 1971 मध्ये 'कन्फेशन्स ऑफ अ वर्कहोलिक' हे पुस्तक काढलं. नावात कबुलीजबाब आहे, फुशारकी नाही. त्यांच्या व्याख्येत कामाची गरज इतकी वाढलेली असते की तब्येत, सुख, नातीगोती आणि चारचौघांतला वावर या सगळ्यांना ती बाधू लागते. दारुड्याला लोक दूर करतात आणि कामाच्या व्यसनीला शाबासकी देतात, ही खोचही त्यांनी ओळखली होती.

आता मोडलेल्या जागेकडे वळू. ओट्स यांच्या आधीही इंग्रजीत साखरेच्या व्यसनासाठी 'शुगरहोलिक'सारखे प्रयोग होऊन गेले होते. ते जमले नाहीत. वर्कहोलिक जमला, इतका जमला की पुढच्या सगळ्यांनी त्याचीच नक्कल केली. का? विषय नेमका होता हे तर आहेच. पण कान देऊन ऐका. अल्-को-हॉ-लिक. वर-का-हॉ-लिक. दोन्हीकडे चारच ठोके, आणि जोर दोन्हीकडे तिसऱ्यावर. इंग्रजी उच्चारात मधला स्वर इतका पुसट असतो की तो ओ आहे की अ हे सांगता येत नाही. म्हणून तर स्पेलिंगमध्ये कुणी ओ लिहितो कुणी ए, आणि आपल्याकडे वर्कहोलिक, वर्काहोलिक, वर्कोहोलिक असे तिन्ही अवतार छापून येतात. आणि तो 'क'. अल्कोहोलमधला क आपण मोडताना टाकून दिला असं वाटतं, पण वर्कच्या शेवटी क आधीच बसलेला आहे. दोन्ही शब्दांनी तो वाटून घेतला. म्हणजे प्रत्यक्षात अल्कोहोलिकमधून गेलं ते फक्त 'अल्', आणि त्याच्या जागी 'वर' आलं.

फक्त 'अल्'. अरबीचं उपपद. शतकानुशतकं युरोपातल्या कुणालाही जे शब्दापासून सुटं करता आलं नव्हतं, ते विसाव्या शतकात अरबीचं अक्षरही न जाणणाऱ्या माणसांनी बरोब्बर सांध्यावर सुटं केलं, तेही नकळत. मागे जे राहिलं त्यात कुह्ल जवळजवळ अखंड आहे: वर-काहॉल-इक. हे लक्षात आलं तेव्हा कागदावर तो शब्द मी पुन्हा पुन्हा लिहून बघितला, आपण स्वतःला फसवत तर नाही ना म्हणून. हा योगायोगच आहे, त्यात कुणाची योजना शोधू नये. पण शब्दांच्या इतिहासातले इतके देखणे योगायोग फार नसतात.

चॉकलेटवेड्यांचा 'चॉकोहोलिक' हाही त्याच कारणाने कानाला गोड लागतो. तिथेही 'को' दोघांच्या मालकीचा. 'शॉपाहोलिक'मध्ये मात्र क नाही, सुरमा अर्धा सांडलेला. तोवर लोकांना त्याची गरजही उरली नव्हती, कारण अहोलिक हे शेपूट आपल्या पायांवर चालायला लागलं होतं. भाषेचे अभ्यासक अशा तुटलेल्या तुकड्याला इंग्रजीत 'स्प्लिंटर' म्हणतात, आपण कपची म्हणू. अमेरिकेतल्या राजकीय भानगडीने गाजलेल्या वॉटरगेट या इमारतीच्या नावातलं गेट 1972 नंतर प्रत्येक भानगडीला लागलं. मॅरेथॉन या गावाच्या नावाचा शेवट तासन्‌तास चालणाऱ्या प्रत्येक उपक्रमाला. अशा सुटलेल्या कपचीला अर्नल्ड झ्विकी या भाषाशास्त्रज्ञाने 2010 मध्ये 'लिबफिक्स' असं नाव दिलं, लिबरेटेड म्हणजे मुक्त झालेला आणि अॅफिक्स म्हणजे प्रत्यय यांच्या तुकड्यांतून. रोगाला नाव देताना वैद्यालाही रोग लागला म्हणायचा.

कपची सुटली की तिची धारही बोथट होते, आणि वर्कहोलिकच्या बाबतीत मला खटकतं ते हेच. चॉकोहोलिक म्हणताना कुणाच्या डोळ्यांपुढे यकृत सडलेला माणूस येत नाही. गोल्फ, पुस्तकं, खरेदी यांच्यामागे हे शेपूट लागत गेलं तसं त्याचा अर्थ 'व्यसन' वरून 'आवड, जरा जास्तच' इथपर्यंत उतरला. मग त्या उतरलेल्या अर्थाने वर्कहोलिकलाही ओढून घेतलं. 1980 मध्ये मेरिलिन मॅक्लोविट्झ यांनी वर्कहोलिक मंडळींवर पुस्तक लिहिलं, त्यात यातले कितीतरी जण मजेत असतात असा सूर होता. ओट्स यांच्या पुस्तकाला दहा वर्षंही झाली नव्हती.

मुलाखतीत उमेदवाराला 'तुमचा एखादा दोष सांगा' असं विचारलं की खाली मान घालून, किंचित हसत उत्तर येतं, 'मी जरा वर्कहोलिक आहे'. अशा मुलाखती घेणाऱ्यांच्या रांगेत मी बसलेली आहे आणि या उत्तरावर टेबलाच्या अलीकडे कुणी दचकलेलं मला आठवत नाही. उलट माना डोलतात. एकदा एका सहकाऱ्याने माझ्या निरोपाच्या कार्डावर 'आमच्या वर्कहोलिक ताईंना' असं लिहिलं होतं. वाचून गुदगुल्या झाल्या हे नाकारण्यात अर्थ नाही. त्याच कार्डावर, त्याच मायेने, दुसऱ्या कुणाच्या नावापुढे 'आमच्या बेवड्या दादांना' असं लिहिलं असतं तर सभा तिथेच उठली असती. दोन्ही विशेषणं एकाच शब्दाची लेकरं.

संशोधकांनी शब्द परत ताळ्यावर आणायचा प्रयत्न केला. जेनेट स्पेन्स आणि अॅन रॉबिन्स यांनी 1992 मध्ये कामात गुंतणं, आतून ढकललं जाणं आणि कामात आनंद वाटणं या तीन गोष्टी वेगळ्या मोजल्या, आणि गुंतलेला व ढकललेला, पण आनंद न मिळणारा, त्यालाच वर्कहोलिक म्हटलं. आनंदाने बुडालेला तो निराळा, त्याला उत्साही म्हणा. मला ही विभागणी पटते, पण बोलीत ती टिकली नाही. लोकांना दोघांसाठी एकच शब्द हवा होता, कारण पहिल्याला दुसऱ्याच्या कपड्यांत लपता येतं.

2012 मध्ये नॉर्वेतल्या बर्गेन विद्यापीठातून सात प्रश्नांची एक मोजपट्टी आली. गेल्या वर्षभरात असं किती वेळा झालं, एवढंच विचारायचं. कामाला आणखी वेळ कसा काढता येईल याचा विचार केलात? ठरवलं होतं त्याहून कितीतरी जास्त वेळ काम करत राहिलात? अपराधीपणा, चिंता, निराशा कमी व्हावी म्हणून काम केलंत? लोकांनी कमी करा म्हटलं आणि तुम्ही ऐकलं नाहीत? काम करू दिलं नाही तर ताण आला? छंद, विश्रांती, व्यायाम मागे पडले? तब्येतीवर परिणाम झाला? सातपैकी चारांना 'बऱ्याचदा' किंवा 'नेहमी' असं उत्तर आलं तर कामाचं व्यसन असू शकतं. ही पट्टी मी एका संध्याकाळी सोडवली, पण काम या शब्दाच्या जागी दारू घालून वाचली. ठरवलं होतं त्याहून जास्त वेळ पीत राहिलात? लोकांनी कमी करा म्हटलं आणि तुम्ही ऐकलं नाहीत? प्रश्न एकही बदलावा लागत नाही. ते मुळात व्यसनाच्या निकषांवरच बेतलेले आहेत. ओट्स यांनी दोन शब्द जोडले तेव्हा त्यांना जे दिसलं होतं ते या प्रश्नांत पुन्हा धारदार होऊन येतं. मग कपचीची धार गेली म्हणून गळा काढायला नको. ती आपल्या तोंडात बोथट झालीये, पट्टीत नाही. माझी उत्तरं मी इथे लिहीत नाही.

टोरँटोच्या त्या चुटक्याचंही पुढे काहीतरी झालं. 1983 मध्ये न्यूयॉर्कमध्ये वर्कहोलिक्स अॅनॉनिमस खरोखरच सुरू झाली, दारूच्या संस्थेच्याच बारा पायऱ्या घेऊन. छत्तीस वर्षांत विनोदाचं पत्त्यासकट वास्तव झालं. फक्त त्यांच्यापुढची अडचण दारुड्यांना नसते. दारू सोडायची म्हणजे पहिला घोटसुद्धा घ्यायचा नाही, इतकं ते स्पष्ट आहे. काम सोडून कसं चालेल? सकाळी उठून आपल्या व्यसनाचा थोडासा, मोजका डोस घ्यायचाच आहे, पोटासाठी, आणि मग थांबायचं आहे. कुठे थांबायचं ते ज्याने त्याने स्वतः आखायचं.

ओट्स यांना ही रेघ कितपत आखता आली? कबुलीजबाब छापून झाल्यावर ते 1974 मध्ये लुइव्हिलच्याच वैद्यकीय महाविद्यालयात शिकवायला गेले. 1999 मध्ये वारले, तोवर त्यांच्या नावावर पन्नासहून अधिक पुस्तकं जमा झाली होती.